दीडशे मेंढ्या आणि नऊ टोपल्या

मी एकदा दीडशे मेंढ्यांना गवत कापायच्या कामावर ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर ते कितपत मनावर घ्यायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. सत्तेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि कॉलनीतल्या सगळ्या बायकांना लोणच्यात मीठ किती घालायचं ते कुणी न विचारता सांगणारी बाई होते. गवतही शेतातलं नव्हतं. ते आमच्या खेळाच्या मैदानातलं होतं.

सातपूरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या लोकांची आमची कॉलनी. तिच्या मागे ओढ्यापर्यंत उतरत गेलेली मोकळी जागा होती. चार कडुनिंब, दोन गुलमोहर, बाकी दगड. नव्वदीच्या दशकात माझे धाकटे दीर अमेरिकेहून सुट्टीला आले, ते चॉकलेटं आणायची सोडून बॅगभर प्लॅस्टिकच्या तबकड्या घेऊन आले. सासूबाईंना वाटलं, ताटल्या आहेत. त्यांनी एकीत काकडीची कोशिंबीर वाढूनही पाहिली. मग दिरांनी खेळ समजावला. फरशीवर उभं राहून तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची. लांब एक खांब, त्यावर लोंबत्या साखळ्या, साखळ्यांखाली टोपली. साखळ्यांवर आपटून तबकडी आत पडली की ती टोपली झाली. अशा नऊ टोपल्या कमीत कमी फेकींत करायच्या.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "आणि हे शिकायला तू विमानाने गेलास?"

दीर तीन आठवड्यांनी परत गेले. मागे राहिल्या तबकड्या, आणि खेळ डोक्यात शिरलेले आमचे हे. ह्यांचा सगळा जन्म वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेलेला. मोडक्या सायकलींच्या रिमा, कारखान्यातून रीतसर मागून आणलेल्या जुन्या साखळ्या आणि पाण्याचे पाइप यांतून त्यांनी टोपल्या जोडल्या. पहिली टोपली इतकी दणकट झाली की तिच्यात म्हैस बसली असती. नववीपर्यंत हात हलका झाला. प्रत्येक टोपलीची फेक सुरू करायला एकेक शहाबादी फरशी पुरली. वर्षभरात अशी परिस्थिती आली की रविवारी सकाळी कॉलनीतली निम्मी माणसं तबकड्या घेऊन हिंडू लागली आणि उरलेली निम्मी त्यांना हसायला गॅलरीत उभी राहू लागली.

मी आधी हसणाऱ्यांत होते. एके दिवशी ह्यांना पोह्यांची बशी द्यायला गेले, तर ह्यांची तबकडी चौथ्यांदा साखळ्यांना चुकवून गेलेली. मी म्हटलं, "आणा इकडे." लहानपणी नांदगावला आमच्या मळ्यातल्या चिंचा मी दगडाने पाडायची, त्याही दुसऱ्यांनी बोट दाखवलेल्या. पण लग्नानंतर पंचवीस वर्षांत तांदूळ धुतलेल्या पाण्याशिवाय मी काही फेकलं नव्हतं. पदर खोचला, फेकली. खळ्ळ! अख्ख्या साखळ्या हलल्या आणि तबकडी टोपलीत जाऊन गप बसली. ह्यांनी बशीतले पोहे खाल्ले आणि म्हणाले, "पुन्हा फेक बघू." पुन्हा खळ्ळ. त्या दिवशी दुपारी मी कॅनव्हासचे पांढरे बूट विकत आणले. साडीखाली ते बूट पाहून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोलिसात भरती व्हायचं असेल तर आधी चहा टाकून जा."

खेळ सोपा, पण मैदान सांभाळणं म्हणजे सासर सांभाळण्यासारखं होतं. एक निस्तरलं की दुसरं. पावसाळ्यात साखळ्या गंजायच्या, त्यांना तेल द्यायचं. दुसऱ्या टोपलीत गांधीलमाश्या घर करायच्या. गाई खांबाला पाठ घासून तो तिरका करायच्या. उन्हाळ्यात बायका टोपल्यांत कुरडया वाळत घालायच्या, कारण तिथे कावळा साखळ्यांना भितो. तिसऱ्या टोपलीत एक आजी रोज निर्माल्य ठेवायच्या. "पायदळी येत नाही ना," त्या म्हणायच्या. मी तबकडी फेकली की साखळ्यांतून झेंडूच्या पाकळ्या उडायच्या, जणू माझं लग्नच लागतंय. ही सगळी देखभाल कुणी करायची यावर कॉलनीच्या कमिटीत सगळे छताकडे बघू लागले, तेव्हा मीच म्हटलं, मी करते. तिथून माझ्या डोक्यात हवा गेली.

गवताची सोय आधीपासून होती. पेठकडच्या एक सासू-सून ओढ्यापलीकडे झोपडी करून राहायच्या. पावसाळ्यात दोनदा येऊन त्या विळ्याने गवत कापायच्या आणि भारे बांधून गोठ्यांवर म्हशींसाठी विकायच्या. गवत त्यांचं, मैदान आमचं. कुणाची तक्रार नव्हती. पण मी आता मैदानाची मालकीण! कापल्यावरही गवत वीतभर उरतं, तबकडी त्यात रुतते, असं मला वाटू लागलं. मी त्या दोघींतल्या सासूला उभं करून भाषण दिलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "बाई, हा विळा हाय. वस्तरा नाय."

मला राग आला. म्हटलं, पुढच्या वर्षी येऊ नका, माझी मी बघते.

मे महिन्यात रस्त्याने मेंढ्यांचा कळप चालला होता. घोटीकडून परतीला लागलेला, नांदगावकडे निघालेला. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, मागे काठी घेतलेली धनगरीण. तिचा हेल ऐकला आणि मला माहेर आठवलं. आमच्या मळ्यात वडील दर उन्हाळ्यात मेंढ्या बसवायचे. दोन-चार दिवस कळप रानात मुक्काम करायचा, उरलंसुरलं चरायचा, आणि मेंढ्या गेल्या की रान कसं दिसायचं! झाडून काढलेल्या अंगणासारखं. एवढंच मला आठवलं. वडील ते का करायचे, हे आठवलं नाही. शेतकऱ्याची मुलगी मी, पण रानाकडे बघायची ती चिंचेच्या झाडावरून.

मी धनगरणीला थांबवलं. "मावशी, दोन दिवस आमच्या मैदानात बसवता का मेंढ्या? पाणी ओढ्याला आहे, भाकरी माझ्याकडच्या."

तिने मैदान पाहिलं, टोपल्या पाहिल्या. "काय पेरनार हितं?"

"काही नाही. आम्ही इथे खेळतो."

"पेरायचं नाय, तं मेंढरं कशाला बसवती?"

मी म्हटलं, "गवत खायला."

तिने काठी बगलेत धरली. मग तोंडाला पदर लावून हसली. "बस म्हनती तं बसवते, माय. माझं काय जातं?"

एवढ्या स्पष्ट शब्दांत सावध केल्यावर दुसरी बाई घरी गेली असती. मी भाकरी थापायला गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर मेंढ्या ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीखाली गोळा झालेल्या, पडलेल्या शेंगा कुडुमकुडुम खात होत्या. मी कौतुकाने म्हटलं, "खा गं बायांनो, खा. पोटभर खा."

कळप गेला तेव्हा मैदान मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखं चकोट झालं होतं. वर काळ्या मिरीएवढ्या लेंड्या पसरलेल्या, पण त्या काय, पावसात जातील. लोक बघायला आले. कुणी म्हणालं, वहिनींचं डोकं म्हणजे डोकं. मी पाहुण्यांना मैदान दाखवायला नेऊ लागले. रस्त्याने मेंढ्या दिसल्या की ओळखीच्या असल्यासारखी हसायची.

जूनच्या शेवटी गवत घोट्याला लागलं. जुलैत गुडघ्याला. ऑगस्टमध्ये टोपल्या गवतात बुडाल्या आणि वरच्या रिमा तेवढ्या तरंगताना दिसू लागल्या. असलं काळंभोर, लठ्ठ, तजेलदार गवत माझ्या वडिलांच्या रानातही कधी आलं नव्हतं. आणि गवतात पाय घातला की टोचायचं. वाकून पाहिलं, तर वेड्या बाभळीची रोपं! इथे, तिथे, फरशीच्या भेगेत, टोपलीखाली. शेंगा मेंढ्यांनी खाल्ल्या होत्या, बिया मला ठेवून गेल्या होत्या, खतासकट. आठवड्याभरात तीन तबकड्या हरवल्या. खेळणाऱ्यांतले निम्मे परत गॅलरीत गेले.

हे मैदानाच्या कडेला उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, तू गवत कापलं नाहीस. पेरलंस."

हसण्यावारी गेलं असतं, पण कमिटीचे अध्यक्ष टपूनच होते. अध्यक्ष म्हणजे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, साखळीने जमीन मोजण्यात उभा जन्म घालवलेले. त्यांनी त्या वर्षी नवी कोरी पांढरी चारचाकी घेतली होती. ती गल्लीत उभी राहायची, तिच्यावर कडुनिंबाच्या निंबोळ्या पडायच्या आणि अध्यक्षांच्या काळजाला घरं पडायची. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, जिलबी वाटली, आणि त्यांनी विषय काढला. मागच्या जागेत आता माणूस जाऊ शकत नाही, साप-विंचवाची भीती. तेव्हा टोपल्या काढून कोबा करू, गाड्या लावू. बऱ्याच माना हलल्या. खरं सांगते, त्या माना चुकीच्या नव्हत्या.

कोबा म्हणजे कोबा. त्यावर गवत नाही, टोपली नाही, रविवारचं खळ्ळ नाही. पांढरे बूट धुऊन माळ्यावर, आणि मी पुन्हा तांदळाच्या पाण्यावर. आणि हे सगळं मी माझ्या हाताने, भाकरी थापून केलेलं.

मग मी उठले आणि नको ते बोलले. "दसऱ्यापर्यंत मैदान खेळण्याजोगं करून देते. पटत नसेल तर अध्यक्षांनी स्वतः खेळून बघावं. नऊही टोपल्या, एकाच तबकडीने. तबकडी हरवली तर करा कोबा."

अध्यक्षांनी खिशातून डायरी काढून तो ठराव तिथल्या तिथे लिहून घेतला. "वहिनी, शब्द मोजून दिलात ना?"

"मोजायचं काम तुमचं," मी म्हटलं. हशा झाला.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून गवत कापणाऱ्या त्या पेठच्या सासूच्या झोपडीशी गेले. चूक कबूल करायची मला सवय नव्हती, त्यामुळे आधी हवापाण्याचं बोलले, मग त्यांच्या कोंबडीचं कौतुक केलं. तिसरा विषय सुचेना तेव्हा म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. कापायला चला."

ती आली. कडेलाच वाकून एक मूठ गवत उपटलं, त्यातला काटा दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला. "ह्यात काटा हाय, बाई. म्हस तोंड लावंल का? आधी बाभळी उपट, मंग बोलाव. आन् दसऱ्याच्या आत. दसरा झाला का आम्ही गावाला. भात काय तुझ्या टोपलीसाठी थांबत नाय."

वेड्या बाभळीचं रोप बोटभर वर असतं आणि हातभर खाली. कापलं तर दुप्पट जोमाने फुटतं, म्हणून मुळासकट काढायला लागतं. ह्यांनी कारखान्यातले जुने चामड्याचे हातमोजे दिले. ते घालून, पदर खोचून, रोज सकाळी मी त्या गवतात शिरायची. बाहेरून माझं नुसतं डोकं दिसायचं. गॅलरीतून बायका विचारायच्या, "सापडलं का काही?" सासूबाईंनी कडेला स्टूल टाकून घेतलं होतं. तिथे बसून त्या काठीने दाखवायच्या. "ते बघ, तिकडे एक राहिलं. डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे! दीडशे बोलावताना बरं एकटीने बोलावलंस." पितृपंधरवड्यात ह्यांनी दोन रविवार माझ्याबरोबर उपटायला दिले आणि उरलेला वेळ साखळ्यांना तेल दिलं. नवरात्र बसलं तेव्हा माझ्या बोटांना इतक्या जखमा होत्या की घटाला माळ ह्यांनी बांधली.

मग सासू-सून विळे घेऊन आल्या. तीन दिवसांत त्यांनी नऊच्या नऊ टोपल्या गवतातून वर काढल्या. आणि काय कापलं होतं! मातीला विळा टेकवून. जाताना मावशीने मागे वळून मैदानाकडे हात केला. "घे, वस्तरा."

फक्त एक जागा राहिली, सहाव्या टोपलीमागची, ओढ्याकाठची घाणेरी. झुडपात झुडूप गुंतलेलं, पुरुषभर उंच. ते काढायला ना वेळ होता ना बोटं. आणि सहाव्या टोपलीचा उतार असा, की नवखा माणूस फेकणार आणि तबकडी थेट घाणेरीत जाणार. हे मला माहीत होतं. म्हणून मी एक बंदोबस्त केला. तो सांगायला मला आजही लाज वाटत नाही, यावरून माझी प्रगती किती झाली ते कळेल.

दिरांनी आणलेल्यांत दोन तबकड्या हुबेहूब सारख्या होत्या. दोन्ही लाल. एक मी आठ दिवस आधीच अध्यक्षांना नेऊन दिली. "सणाला लाल शुभ. सराव करा." दुसरी दसऱ्याच्या सकाळी निऱ्यांमागे कमरेला खोचली आणि वर जाड इरकली नेसून पदर ओढून घेतला. त्यामुळे मला वाकता येईना. पहिल्या फरशीपाशी सगळी कॉलनी जमलेली. शेजारीण कानाशी येऊन म्हणाली, "पोट दुखतंय का हो? अशा काय चालताय?"

"उपवास सोसला नाही," मी म्हटलं.

अध्यक्ष पांढरा सदरा घालून आले. खेळाविषयीचं त्यांचं मत चेहऱ्यावरच होतं. पहिली टोपली त्यांनी नऊ फेकींत केली, दुसरी आठ. तबकडी दिसत मात्र होती. मातीला लागून कापलेल्या गवतात ती कुठेही पडली तरी कुंकवाच्या टिळ्यासारखी उठून दिसायची. तिसऱ्या टोपलीत आजींचं ताजं निर्माल्य होतं. अध्यक्षांनी बऱ्याच लांबून, वैतागून फेकली. खळ्ळ! साखळ्या झणाणल्या, शेवंती उडाली आणि तबकडी आत. अध्यक्ष जागीच थांबले. "आत गेली?" त्यांनी मलाच विचारलं. मग घड्याळ काढून खिशात ठेवलं. चौथ्या टोपलीला चपला काढल्या. पाचवीला म्हणाले, "ही मोजू नका, माझा पाय घसरला."

सहाव्या फरशीवर ते उभे राहिले तेव्हा मी आधीच घाणेरीच्या दिशेने चालू लागले होते. त्यांनी फेकली. सुंदर फेक होती, फार सुंदर. टोपलीवरून, उतारावरून ती लाल चकती गेली आणि घाणेरीने ती गिळली.

मी झुडपामागे गेले, फांद्या हलवल्या, "अगं बाई", "काटे किती हे" वगैरे आवाज केले, आणि निऱ्यांमागून तबकडी उपसून वर धरली. "सापडली! अगदी कडेलाच होती!"

टाळ्या पडल्या. ह्यांनी नाही वाजवल्या. हे एकाएकी गुलमोहराकडे बघू लागले. अध्यक्षांनी तबकडी घेतली, उलटी केली, सुलटी केली. सदऱ्याला पुसली. आणि खेळू लागले. सातवी, आठवी, नववी. शेवटची टोपली झाल्यावर त्यांनी डायरी उघडून मोठ्याने वाचलं, "पाहणी केली. मैदान खेळण्याजोगं आहे. विषय बंद." मी पेढे वाटले. सासूबाईंना म्हटलं, बघितलंत? त्या म्हणाल्या, "बघितलं. कंबर मोकळी झाली वाटतं तुझी."

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येत होते. अध्यक्षही आले. ह्यांना सोनं दिलं, सासूबाईंच्या पाया पडले, चहा घेतला. मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्यांनी पिशवीतून लाल तबकडी काढून माझ्या हातात ठेवली, वर आपट्याची दोन पानं ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाले:

"वहिनी, जन्मभर मोजणी केली मी, खूण केल्याशिवाय दगडसुद्धा हातातून सोडत नाही. माझ्या तबकडीला खालून पेन्सिलीची फुली होती. ही तुमची. माझी अजून त्या घाणेरीतच आहे. उद्या सकाळी साडेसहाला ते हातमोजे घेऊन या, दोघं मिळून शोधू. आणि सहावीला मनगट नेमकं कसं वळवायचं, ते जरा दाखवा."